लोहचुंबक आणि संगणक

गेल्या महिन्याच्या टपालांत एका भगिनींचें पत्र आलें, आणि ह्या खेपेचा विषय आम्हांस आयताच मिळाला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें आहे:

“आमच्या घरीं दहा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक अलीकडे फारच मंद चालतो. त्यांतली जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं नवी एस्. एस्. डी. बसविली, तर तो आणखी पुष्कळ दिवस चालेल, असें माझी मुलगी म्हणते. ती यंदा बारावींत आहे. हें काम दुकानांत न देतां स्वतःच करण्याची तिची इच्छा असून त्यासाठीं तिनें टोंकास लोहचुंबक असलेला स्क्रू-ड्रायव्हर विकत आणला. तो पाहतांच मामंजींनीं संगणकास हात लावण्याची तिला मनाई केली. चुंबक जवळ नेला कीं संगणकांतील सर्व माहिती पुसली जाते, असें त्यांना कचेरींत असतांना बजावून सांगितलेलें होतें. आमच्या संगणकांत घरांतील पंधरा वर्षांचीं छायाचित्रें आहेत; त्यामुळें मलाहि भीति वाटते. आजोबा आणि नात ह्यांचें आठवडाभर बोलणें नाहीं. मामंजींना दोन वर्षांपूर्वीं पेसमेकर बसविलेला असल्यामुळें त्यांच्याशीं वाद घालण्याचें आम्हां कोणाच्याच मनांत येत नाहीं. तरी खरें काय, तें आपल्या सदरांत लिहावें.”

पत्रांत प्रश्न एकच विचारलेला आहे. परंतु आम्हांस त्यांत दोन दिसतात. दुसरा प्रश्न भगिनींनीं विचारलेला नाहीं. तो त्यांच्या शेवटून दुसऱ्या वाक्यांत नकळत येऊन बसला आहे, आणि आमच्या मतें तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्याचा विचार शेवटीं करूं. आधीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें प्राप्त आहे.

आपल्या शास्त्रग्रंथांत एक चांगली पद्धति आहे. ज्या मताचें खंडन करावयाचें, तें प्रथम पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचें. आणि तेंहि असें मांडावयाचें कीं, खुद्द प्रतिपक्षानें ‘माझें म्हणणें हेंच’ असें कबूल करावें. घरांतील वादांत ही पद्धति पाळली, तर निम्मे वाद आरंभींच मिटतील. म्हणून प्रथम आजोबांचा पक्ष पाहूं.

संगणकाला लिहावयास दोनच खुणा येतात. त्यांना आपण शून्य आणि एक म्हणतों. ह्या खुणा कशावर तरी उमटवून ठेवाव्या लागतात, आणि पुष्कळ वर्षें तें काम लोहचुंबकत्वाच्याच आश्रयानें चाललें होतें. स्थूल मानानें सांगावयाचें, तर चुंबकीय द्रव्याचा पातळ लेप दिलेल्या पृष्ठभागावर कोट्यवधि सूक्ष्म ठिकाणें कल्पावीं. प्रत्येक ठिकाण म्हणजे एक इवलासा चुंबक. त्याचें तोंड एका दिशेस असलें तर एक, उलट दिशेस असलें तर शून्य. ज्या लिपींत अक्षर म्हणजे चुंबकाची दिशा, त्या लिपीचें खोडरबर अर्थातच दुसरा चुंबक.

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्यें कामास लागला. त्याची स्मृति फेराइट नांवाच्या चुंबकीय द्रव्याच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कड्यांत एक खूण, आणि चाळीस खुणांचा एक शब्द धरला तर असे २०४८ शब्द त्यांत मावत. त्यापूर्वीं १९५६ मध्यें अमेरिकेंत आय्. बी. एम्. कंपनीनें ‘रॅमॅक’ नांवाचें यंत्र बाहेर काढलें. त्यांत दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चुंबकीय तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि एवढ्या पसाऱ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरें राहत. आज खिशांतल्या फोननें काढलेल्या दोन-तीन छायाचित्रांना तेवढी जागा लागते. पुढें १९७१ मध्यें फ्लॉपी आली. प्रथम आठ इंचांची, मग सव्वापांच इंचांची आणि शेवटीं साडेतीन इंचांची. गेल्या शतकाच्या अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडील कचेऱ्यांचा सारा व्यवहार ह्या फ्लॉपींवरून चाले, आणि फ्लॉपीच्या पाकिटावर चुंबकाचें चित्र काढून त्यावर फुली मारलेली असे. ज्यानें ती फुली वर्षानुवर्षें पाहिली, ज्याच्या हाताखालीं कोणा शिकाऊ कारकुनानें फ्लॉपी चुंबकाच्या चिमट्यानें लोखंडी कपाटाला लटकविली आणि महिन्याचें काम मातींत गेलें, त्या गृहस्थाला चुंबकाचें भय वाटत असेल, तर त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आजोबांनीं शिकलेला नियम त्या काळीं खरा होता, आणि तो पाळून त्यांनीं कचेरीचीं पुष्कळ कागदपत्रें वांचविलीं असतील.

हा झाला पूर्वपक्ष. आतां सिद्धान्ताकडे वळूं.

चुंबकीय खुणा पुसल्या जाणें ही गोष्ट दोन बाबींवर अवलंबून असते. एक, खूण धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा हट्ट किती. आणि दुसरी, बाहेरच्या चुंबकाचा जोर त्या जागीं किती पोंचतो. हट्टाचें माप ओर्स्टेड ह्या एककांत सांगतात. विजेचा प्रवाह जवळ आला म्हणजे होकायंत्राची सुई हलते, हें १८२० मध्यें दाखवून देणाऱ्या डॅनिश शास्त्रज्ञाचें तें नांव. जुन्या सव्वापांच इंची साध्या फ्लॉपीचा हट्ट सुमारें तीनशें ओर्स्टेड, तर शेवटच्या साडेतीन इंची फ्लॉपीचा सातशेंच्या आसपास होता. आजच्या हार्ड डिस्कमधील तबकडीचा हट्ट कित्येक हजार ओर्स्टेड असतो. फ्लॉपी म्हणजे पाटीवरचें अक्षर; बाही घांसली तरी जाईल. हार्ड डिस्क म्हणजे ताम्रपट. त्याला बाहीचें भय नाहीं. कचेऱ्यांतल्या जुन्या डिस्कवरील गुप्त माहिती कायमची नष्ट करावयाची असते, तेव्हां त्यासाठीं दहा हजार गॉसहून अधिक जोराचें क्षेत्र निर्माण करणारीं स्वतंत्र यंत्रें वापरावीं लागतात. पेचकसाच्या टोंकानें तें काम होत असतें, तर एवढा खर्च कोणीं केला असता?

दुसरी बाब अंतराची. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्यानें ओसरतो. चुंबकाच्या आकाराच्या मानानें अंतर बरेंच असलें, तर तें दुप्पट केल्यास जोर एक-अष्टमांश राहतो, आणि तिप्पट केल्यास सत्ताविसावा हिस्सा. पेचकसाचें टोंक तें केवढें! स्क्रू उचलण्यापुरताच त्यांत जोर असतो, आणि डिस्कच्या पेटीची जाड भिंत ओलांडून आंतल्या तबकडीपर्यंत जाईतों तो नांवालाच उरतो.

ह्याउपर एक गोष्ट अशी आहे कीं, ती कळल्यावर ह्या वादांत फारसें कांहीं उरतच नाहीं. हार्ड डिस्कच्या बंद पेटींत, तबकड्यांच्या अगदीं कडेला, वाचणारी दांडी हलविण्यासाठीं निओडिमियमचे चुंबक कारखान्यांतच बसविलेले असतात. १९८२ ते १९८४ ह्या काळांत जपान व अमेरिका ह्या दोन्ही देशांत ह्या जातीच्या चुंबकांचा शोध लागला, आणि आज सर्वसामान्य वापरांत असलेल्या चुंबकांत ते सर्वांत बलवान् आहेत. मोडक्या डिस्कमधून काढलेले असे दोन चुंबक एकमेकांवर आदळले आणि मध्यें बोट सांपडलें, तर चिमट्यानें रक्त निघतें. असा पैलवान जिच्या उशाशीं जन्मापासून बसलेला आहे, आणि तरीहि जी आपली स्मृति शाबूत राखून आहे, तिला पेचकसाच्या टोंकाचें काय भय? त्यांतूनहि निओडिमियमचा मोठा चुंबक मुद्दाम चालू डिस्कवर नेऊन ठेवूं नये, हें खरें. परंतु तो प्रश्न हत्याराचा नव्हे, खोडीचा आहे.

आणि नात जी नवी एस्. एस्. डी. बसविणार, तिच्यांत तर चुंबकाचा संबंधच नाहीं. तिचें मूळ, जपानांत तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८४ मध्यें जगापुढें मांडलेल्या ‘फ्लॅश’ स्मृतींत आहे. तींत शून्य आणि एक ह्या खुणा विद्युत्कणांच्या रूपानें असतात. विजेचे हे कण विजेस अटकाव करणाऱ्या आवरणांत कोंडून ठेवलेले असतात. दरवाजा विजेचा, कुलूपहि विजेचें. चुंबकाची किल्ली तेथें लागत नाहीं. फोनमधील स्मृति, पेन-ड्राइव्ह, कॅमेऱ्यांतलें कार्ड, संगणकाची तात्पुरती स्मृति ह्या सर्वांना हेंच लागू आहे.

तेव्हां विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असें: टोंकास चुंबक असलेला साधा पेचकस संगणक उघडण्यास, हार्ड डिस्क काढण्यास आणि एस्. एस्. डी. बसविण्यास निर्धोकपणें वापरावा. नात बरोबर आहे.

परंतु निर्धोक म्हणजे केवळ चालण्याजोगा, एवढेंच नव्हे. ह्या कामांत तो साध्या पेचकसाहून अधिक चांगला आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शरीरांत घुसलेलें शल्य बाहेर काढण्याचे जे पंधरा उपाय दिले आहेत, त्यांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हा एक आहे. तेथें त्याला अटीहि घातल्या आहेत. शल्य आंत अडकून बसलेलें नसावें, त्याला आंकडे नसावेत, जखमेचें तोंड मोकळें असावें. संगणकाच्या पोटांत पडलेला स्क्रू हें अक्षरशः असेंच शल्य आहे. तो लोखंडाचा असतो, गुळगुळीत असतो, आणि बोट जात नाहीं अशा जागीं जाऊन बसतो. तो तसाच राहिला आणि यंत्र चालू केलें, तर दोन तारांमध्यें पूल बांधल्यासारखें होऊन मुख्य फलक क्षणांत जळूं शकतो. चुंबकाचें टोंक असा स्क्रू मुळांत पडूंच देत नाहीं, आणि पडलाच तर अलगद वर काढतें. ज्या हत्याराची आजोबांना धास्ती वाटते, तें त्या छायाचित्रांचें रक्षणच करणारें आहे.

आतां नातीस चार शब्द सांगतों. चुंबकाचें भय नाहीं म्हणजे भयच नाहीं, असें तिनें समजूं नये. हार्ड डिस्कवरील छायाचित्रें जातात, तीं तिला धक्का बसल्यानें, वयोमानानें तिचे आंतील भाग झिजल्यानें आणि मुख्यतः दुसरी प्रत ठेवलेली नसल्यानें. म्हणून पेचकस हातीं घेण्याआधीं पंधरा वर्षांच्या त्या सर्व छायाचित्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि ती उघडते कीं नाहीं तें पाहावें. काढलेली जुनी डिस्कहि पुसूं अगर विकूं नये. कापसांत वा मऊ फडक्यांत गुंडाळून कपाटांत ठेवावी. एस्. एस्. डी. ची एक खोड लक्षांत असावी. ती वर्षानुवर्षें विजेवांचून पडून राहिली, तर कोंडलेले विद्युत्कण हळूहळू पाझरतात आणि माहिती बिघडण्याचा संभव असतो. रोजच्या कामास ती उत्तम. परंतु वडिलोपार्जित ठेव म्हणून ती पेटींत बंद करून ठेवण्याची वस्तु नव्हे.

दुसरें भय विजेच्या ठिणगीचें. कोरड्या हवेंत लोकरीचा स्वेटर काढतांना जी चुटपुट होते, तिच्या पाठीमागें कित्येक हजार व्होल्टांचा दाब असतो. बोटाला ती जाणवते तेव्हां तो बहुधा तीन हजारांच्या आसपास पोंचलेला असतो. आणि संगणकांतील कांहीं नाजूक भाग शंभर व्होल्टांच्या आंतहि बिघडतात. म्हणजे आपल्याला कळणारहि नाहीं अशा ठिणगीनें त्यांचें नुकसान होऊं शकतें. कोंकणांत पावसाळ्यांत हें भय थोडें. देशावर हिवाळ्यांत, किंवा हवा थंड करणारें यंत्र लावलेल्या खोलींत अधिक. उपाय सोपा आहे. संगणक बंद करून भिंतींतला प्लग काढावा, चालू करण्याचें बटण कांहीं क्षण दाबून आंतली उरलीसुरली वीज जाऊं द्यावी, आणि आंतल्या कोणत्याहि भागाला स्पर्श करण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. काम चालू असतां मधून मधून तसेंच करावें. नव्या डिस्कला कडेनें धरावें. तिच्या जोडाच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावूं नये. जी पेटी घरची वीज घेऊन आंतील भागांना पुरविते, ती मात्र केव्हांहि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तिच्यांत जिवास अपाय करण्याइतकी वीज कांहीं वेळ शिल्लक राहूं शकते.

तिसरें, काढलेले स्क्रू वाटींत ठेवावेत. मोजून काढावेत, मोजून लावावेत. एक जरी कमी भरला, तरी तो सांपडेपर्यंत यंत्र चालू करूं नये. आणि चुंबकाच्या टोंकाची म्हणून एकच खबरदारी आहे. हत्यारांच्या डब्यांत पडून राहिल्यास त्याला लोखंडाचा कीस चिकटतो, आणि तो फलकावर गळला तर पडलेल्या स्क्रूचेंच काम करतो. म्हणून वापरण्यापूर्वीं टोंक स्वच्छ पुसावें.

येथें एक साहजिक प्रश्न येईल. आजोबांचें भय संगणकाच्या बाबतींत निरर्थक ठरलें, मग तें अजिबात टाकूनच द्यावें काय? आमचें उत्तर नाहीं असें आहे. तें टाकावयाचें नाहीं, त्याची जागा बदलावयाची आहे.

घरांत आजहि अशा कांहीं वस्तु असतात कीं, त्यांच्याजवळ चुंबक नेऊं नये. १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीनें बाजारांत आणलेल्या ध्वनिफितीच्या कॅसेटा पुष्कळांच्या माळ्यावर अद्याप आहेत. कोणाच्या कॅसेटींत आजीच्या आवाजांतल्या जात्यावरच्या ओव्या असतील, कोणाच्या व्हिडिओ-कॅसेटींत मुंजीचा वा लग्नाचा सोहळा. साध्या ध्वनिफितीचा हट्ट जुन्या फ्लॉपीइतकाच कमी असतो. ह्या पेट्या ध्वनिवर्धकाच्या पाठीशीं ठेवणें म्हणजे त्या ओव्या थोड्या थोड्या पुसणें होय. कारण ध्वनिवर्धकांत मोठा चुंबक असतो. त्या तेथून हलवाव्यात, आणि फीत वाचणारें यंत्र मिळतें आहे तोंवर त्यांची संगणकावर नक्कल करून घ्यावी. किल्लीच्या हातघड्याळाजवळहि चुंबक नेऊं नये. त्यांतील केसासारखी बारीक कमान चुंबकित होऊन तिचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि घड्याळ पुढें धांवूं लागतें. घड्याळजी तें दोष काढून देतो. पण मुळांत दोष कां आणावा? जुन्या कांचेच्या नळीचा रंगीत दूरदर्शन-संच कोणाकडे असेल, तर त्याच्या पडद्याजवळहि चुंबक नेऊं नये. त्यावर जांभळे-हिरवे डाग उमटतात. बँकेच्या कार्डांवरील काळ्या पट्टीचें भय मात्र आतां बरेंच कमी झालें आहे. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सर्व कार्डांना चिप बसवावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, आणि चिपला चुंबकाचें सोयरसुतक नाहीं.

आतां न विचारलेला दुसरा प्रश्न. पत्रांतील आजोबांना पेसमेकर आहे.

हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या ह्या यंत्रांत लोहचुंबक ओळखणारी एक कळ मुद्दाम ठेवलेली असते. शस्त्रक्रियेच्या वेळीं किंवा तपासणीसाठीं डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात आणि यंत्राचें वागणें तेवढ्यापुरतें बदलून घेतात. चुंबक जवळ असतांना पेसमेकर बहुधा हृदयाचें स्वतःचें ठोके देणें विचारांत न घेतां ठराविक गतीनें ठोके देऊं लागतो. ज्यांच्या छातींत झटका देऊन हृदय पुन्हां ताळ्यावर आणणारें यंत्र असतें, त्यांच्या बाबतींत चुंबक जवळ आहे तोंवर तो झटका देण्याचें काम थांबतें. चुंबक दूर नेला कीं सामान्यतः यंत्र पूर्ववत् होतें. परंतु झटक्याची गरज नेमकी त्याच वेळीं पडली, तर काय होईल, हें सांगावयास नको.

ही कळ डॉक्टरांसाठीं आहे. ती चुकून दाबली जाऊं नये. आणि ती चुकून दाबणारी वस्तु पेचकस नव्हे, तर खिशांतला फोन आहे. २०२० च्या शरद् ऋतूंत निघालेल्या आयफोन १२ पासून पुष्कळ फोनांच्या पाठींत चुंबकांचें वर्तुळ बसवूं लागले. पुढें २०२१ च्या जानेवारींत अमेरिकेंतील डॉक्टरांनीं ‘हार्ट ऱ्हिदम’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत एक अनुभव प्रसिद्ध केला. असा फोन छातीवर यंत्राच्या जागीं आणतांच झटका देणाऱ्या यंत्राचें तें काम थांबलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें सूचना काढली कीं, असे फोन व मनगटी यंत्रें हृदयांतील यंत्रापासून सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर, दूर ठेवावींत, आणि त्या बाजूच्या वरच्या खिशांत ठेवूं नयेत. फोनच्या कंपनीचेंहि तेंच सांगणें आहे. आणि तारेविना बॅटरी भरणें चालू असेल, तर अंतर तीस सेंटिमीटर ठेवावें, असें ती म्हणते.

आपल्याकडील वडील माणसांची फोन ठेवण्याची जागा कोणती? सदऱ्याचा डावीकडचा वरचा खिसा. आणि पेसमेकर बहुधा बसवितात तो कोठें? डाव्या गळपट्टीच्या हाडाखालीं. ह्या दोहोंमध्यें कित्येकदां चार बोटांचेंहि अंतर राहत नाहीं. फोनच्या पाठीला चिकटविण्याचें चुंबकीय पाकीट, झांकणाला चुंबक असलेलें आवरण, कानांतील यंत्रांची डबी, समारंभांत छातीवर लावावयाची चुंबकाची नांवाची पट्टी, आणि सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या चुंबकाच्या माळा, ह्या सर्वांचा ह्याच यादींत समावेश करावा. माळ तर नेमकी छातीवरच रुळते.

म्हणून त्या भगिनींना आमची विनंति अशी कीं, संगणकाचें काम पाहिजे तर आठ दिवसांनीं होवो. परंतु मामंजींचा फोन आजच वरच्या खिशांतून काढून कमरेच्या खिशांत किंवा उजव्या हाताच्या पिशवींत जाऊं द्यावा. त्यांच्या फोनांत वा त्याच्या आवरणांत चुंबक आहे किंवा नाहीं, तें लोखंडाची टाचणी जवळ नेऊन पाहावें. टाचणी चिकटली नाहीं, तरी सहा इंचांचा नियम पाळण्यांत तोटा कांहींच नाहीं. पुढच्या तपासणीस जातांना हृदयरोगतज्ज्ञांना यंत्राचें कार्ड दाखवून ही गोष्ट स्पष्ट विचारावी. घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र हयगयहि करूं नये.

एका विचारानें आम्हांस ह्या पत्राचें विशेष वाटलें. घरांत लोहचुंबकाचें भय होतें. पण तें मेजावरच्या पेटीभोंवतीं पहारा करीत बसलें होतें, आणि छातीवरची जागा उघडी होती. ज्या नियमाचें कारण आपण विसरतों, त्याचें असेंच होतें. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत सुई लोहचुंबकाकडे कां सरकते, ह्याचें कारण ‘अदृष्ट’ असें सांगितलेलें आहे. आज तें बळ आपण मोजूं शकतों, तें कोठें पोंचतें आणि कोठें पोंचत नाहीं, हें अंकांत सांगूं शकतों. असें असतां त्याच्याविषयींचें भय मात्र अदृष्टाच्याच भरंवशावर ठेवणें बरें नव्हे. वडिलांनीं मनाई केली, तर मुलांनीं ‘कां’ असें नम्रपणें विचारावें. आणि वडिलांनीं त्या ‘कां’ला उद्धटपणा समजूं नये. कारण विचारल्यानेंच नियमाची खरी जागा सांपडते.

राहतां राहिला प्रश्न त्या आठवड्याच्या अबोल्याचा. आमची सूचना अशी कीं, नातीनें संगणक उघडावा आणि आजोबांनीं हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसावें. तेवढ्या अंतरावरून पेचकसाचा कोणासहि उपद्रव नाहीं. कचेरींत त्यांनीं फ्लॉपींची दुसरी प्रत रोजच्या रोज काढण्याची शिस्त पाळली असेलच. त्या शिस्तीची ह्या घराला आज फार गरज आहे, आणि ती बारावीच्या पुस्तकांत नाहीं. छायाचित्रांची प्रत नीट उतरली कीं नाहीं, तें त्यांनीं पाहावें. स्क्रू त्यांनीं मोजावेत. यंत्र सुरू झाल्यावर पहिलें छायाचित्र कोणाचें उघडावें, हें ठरविण्याचा मानहि त्यांनाच द्यावा.

पुढील अंकीं, इनव्हर्टरच्या बॅटरींत नळाचें पाणी कां घालूं नये, ह्या विषयावरील दुसऱ्या एका वाचकाच्या पत्राचा विचार करूं.